एवढी मोठी मूर्ती बघायची कुठून?

मोठ्या बुद्धमूर्तींबद्दल कुठेही वाचायला घ्या, पहिला मान उंचीचा. ही ७१ मीटर, ती १२० मीटर, कुठली जगात पहिली आणि कुठली आता मागे पडली. आम्ही दोघं जिथे जिथे फिरायला गेलो तिथे आसपास अशी मूर्ती किंवा जुनं विहार असेल तर वाट वाकडी करून बघून आलोय, आणि त्यावरून माझं मत असं झालंय की उंचीचा आकडा ही मूर्तीबद्दलची सगळ्यात बिनकामाची माहिती आहे. म्हणजे आकडा खोटा नसतो, पण समोर गेल्यावर तो जाणवेलच असं नाही. जाणवतं ते हे की आपल्यात आणि मूर्तीत अंतर किती आहे, आपण खाली आहोत की वर, आत आहोत की बाहेर, आणि जुन्या मूर्तींच्या बाबतीत हे सगळं बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

जपानमधल्या कामाकुराचा दाइबुत्सु, म्हणजे मोठा बुद्ध, घ्या. टोकियोहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं गाव, तिथून एनोदेन नावाची छोटी ट्रेन घरांच्या इतक्या जवळून जाते की लोकांची वाळत घातलेली कापडं दिसतात, हासे स्टेशनवर उतरायचं आणि चालत कोतोकु-इन मंदिर. ब्राँझची अमिताभ बुद्धाची मूर्ती, १२५२ मध्ये ओतायला सुरुवात केली अशी नोंद आहे, चौथऱ्यासकट १३ मीटरच्या थोडी वर, वजन १२१ टन. आजच्या रेकॉर्डच्या शर्यतीत हिचा नंबर कुठेच लागत नाही. गेटमधून आत शिरल्या शिरल्या नवरा म्हणाला, "एवढीच?"

लांबून खरंच एवढीच वाटते. डोकं जरा मोठं, मान पुढे आलेली, पोक काढून बसल्यासारखी. मग पुढे पुढे गेलो आणि अगदी जवळ, चार-पाच मीटरवर उभं राहून वर पाहिलं तर सगळं जागच्या जागी. खालून वर बघताना लांबचं डोकं लहान दिसतं, तो फरक आधीच भरून काढलाय, म्हणून डोकं मोठं आणि अंग किंचित पुढे झुकलेलं, कारण बघणारा माणूस पायाशी हात जोडून उभा असणार हे धरूनच चाललंय सगळं. डोळ्यांचंही तेच, लांबून मिटलेले वाटतात पण खाली उभं राहिलं की बरोबर आपल्यावर नजर. नवऱ्याने "एवढीच" काही परत घेतलं नाही, पण तिथून हलेना.

आणि खरी गंमत नंतर कळली. ही मूर्ती उघड्यावर बसवलेलीच नव्हती. तिच्यावर मोठं लाकडी मंदिर होतं, ते चौदाव्या शतकात वादळांत दोनदा पडलं, परत उभं केलं, आणि मग १४९८ च्या भूकंपानंतर समुद्राची लाट आत आली त्यात गेलं अशी हकिकत सांगतात, त्यानंतर कोणी बांधलं नाही. म्हणजे बघा, गेटमधून सबंध मूर्ती एका नजरेत दिसते तो देखावा बनवणाऱ्यांच्या डोक्यातच नव्हता. त्यांच्या हिशेबात तुम्ही मंदिराच्या दारातून आत येणार, आत अंधार, वर सोन्याचा मुलामा (उजव्या गालावर त्याच्या खुणा अजून आहेत), आणि मागे सरकायला जागाच नाही. आपण जे पोस्टकार्डवर बघतो ते नंतरच्या पडझडीतून आलेलं दृश्य आहे.

मूर्ती आतून पोकळ आहे आणि पोटात जाता येतं. पाठीला दोन खिडक्या आहेत तेवढाच उजेड. आत आडव्या उभ्या रेषांचे चौकोन दिसतात, खालून वर एकेक थर ओतत नेला त्याचे सांधे आहेत ते, आणि मानेपाशी वेगळाच गुळगुळीत भाग, १९६०-६१ मध्ये भूकंपात टिकावी म्हणून मान आतून मजबूत केली तो. मला हा आतला भाग बाहेरच्याइतकाच आवडला. समोर हात जोडून उभं राहिल्यावर ओतकामाचा विचार येत नाही, आत गेलं की दुसरं काही सुचतच नाही, कुठून सुरुवात केली असेल, साचा कसा धरला असेल, भट्ट्या किती पेटवल्या असतील.

तिथून जवळच हासे-देरा मंदिर आहे, ते सोडू नका. अकरा मुखांची कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व, लाकडी, ९ मीटरच्या वर, आणि ही मात्र अजून मंदिरातच आहे. फोटो काढू देत नाहीत त्यामुळे सगळे नुसते बघत उभे असतात, ते दृश्यच आता दुर्मिळ झालंय.

जपानमधलंच नारा म्हणजे सगळ्यांसाठी हरणं. तिथल्या तोदाइ-जी मंदिराच्या वाटेवर हरणांमध्ये लोक इतके अडकतात की मोठ्या दरवाजातले दोन द्वारपाल न बघताच पुढे जातात, आणि ते तर साडेआठ मीटरचे लाकडी राक्षसी देह, १२०३ मध्ये उन्केइ, काइकेइ या शिल्पकारांनी आणि त्यांच्या लोकांनी मिळून ६९ दिवसांत उभे केलेले. जाळीमागे आहेत, अंधारात आहेत, समोरासमोर तोंडं करून उभे आहेत, त्यामुळे सरळ चालत गेलं तर दिसतच नाहीत, मध्ये थांबून आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे वळावं लागतं. माझ्या मते पूर्ण नारात यांच्यासारखं दुसरं काही नाही, पण हे माझं मत झालं.

आतला बुद्ध वैरोचन, साधारण १५ मीटर, बसलेला. ७५२ मध्ये त्याचं नेत्रोन्मीलन झालं तेव्हा डोळे रंगवले ते भारतातून तिथे पोचलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूने, आणि त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधून त्या खाली जमलेल्या लोकांच्या हातात दिल्या होत्या, म्हणजे डोळे रंगवण्यात सगळ्यांचा हात लागला. आता दिसतात ते डोळे मात्र ते नाहीत. ८५५ मध्ये भूकंपात डोकं खाली पडलं, ते बसवलं, ११८० मध्ये युद्धात मंदिर जाळलं, १५६७ मध्ये परत जाळलं, त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळ मूर्ती कशीबशी दुरुस्ती करून उघड्यावर होती, आताचं डोकं सतराव्या शतकाच्या शेवटचं आहे आणि खालच्या कमळाच्या काही पाकळ्या तेवढ्या पहिल्यापासूनच्या. त्या पाकळ्यांवर बारीक कोरीवकाम आहे. लोक वर बघतात, पाकळ्यांकडे कोणी बघत नाही. हॉल १७०९ चा, मूळच्यापेक्षा एक तृतीयांश लहान करून बांधलेला, आणि तरी आत गेलं की बोलायचं थांबतो आपण.

या हॉलच्या दर्शनी बाजूला वर, बरोबर चेहऱ्याच्या समोर, एक खिडकी आहे. एरवी बंद असते. नवीन वर्षाच्या मध्यरात्री आणि १५ ऑगस्टच्या दिव्यांच्या कार्यक्रमाला उघडतात, आणि मग बाहेर अंगणात उभं राहून फक्त चेहरा दिसतो, बाकी काही नाही. आम्ही गेलो तेव्हा ती बंद होती. पण हे वाचल्यापासून मला वाटतं की सबंध मूर्ती एका नजरेत दिसलीच पाहिजे हा हट्ट आपला आहे, कॅमेरा हातात असणाऱ्यांचा. ज्यांनी ही कामं केली त्यांना तुकड्यातुकड्याने दाखवण्यात काही कमीपणा वाटत नव्हता, उलट तेच हवं होतं.

(आतल्या एका खांबाला खाली भोक आहे, मूर्तीच्या नाकपुडीएवढं, त्यातून आरपार गेलं की पुण्य. मुलं सळसळत जातात. मोठी माणसं अडकतात आणि मग त्यांना दोन्ही बाजूंनी ओढायचा कार्यक्रम होतो.)

याच्या अगदी उलट म्हणजे उशिकु. टोकियोच्या ईशान्येला, १९९३ ची ब्राँझची उभी मूर्ती, चौथऱ्यासकट १२० मीटर. नाराचा बुद्ध हिच्या तळहातावर बसेल असं तिथे अभिमानाने सांगतात आणि ते खरंही आहे. लिफ्टने ८५ मीटरवर जाता येतं, छातीतल्या फटींमधून बाहेर शेतं दिसतात. रस्त्यावरून येताना झाडांच्या आणि घरांच्या मागे ती अचानक उभी दिसते तो क्षण जबरदस्त आहे, पण जवळ गेल्यावर मला काही झालं नाही. पायाशी उभं राहिलं की चेहरा दिसेनासा होतो, आणि आत गेलं की आपण एका नीटनेटक्या इमारतीत असतो. नवऱ्याला आवडली. इंजिनिअर आहे तो, वाऱ्याचा जोर कसा धरला असेल वगैरे त्याचं चालू होतं.

बँकॉकचं वाट फो (वाट म्हणजे थाई भाषेत मंदिर) मात्र मला त्या तुकड्यांच्या मुद्द्यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच, १८३२ मध्ये, तिसरा राम या राजाच्या काळात केलेला, आत विटा, वर गिलावा, वर सोन्याचा वर्ख. आणि हा सगळा एका अशा हॉलमध्ये आहे की तो त्याला जेमतेम पुरतो. समोर जाडजूड चौकोनी खांब. कुठेही उभे राहा, सबंध मूर्ती दिसत नाही, एका खांबामधून चेहरा, पुढच्या दोन खांबांमधून खांदा, मग नुसतंच सोनं सोनं सोनं, किती वेळ चाललोय तरी अजून पायच आले नाहीत. शेवटी पाय येतात आणि ते म्हणजे वेगळंच प्रकरण, तीन मीटर उंच तळवे, त्यावर शिंपल्याच्या जडावकामात १०८ मंगलचिन्हं, प्रत्येक चौकोनात वेगळं. लोक कुरकुरतात की खांबांमुळे फोटो येत नाही. अहो, मग चाला ना. चालत चालत बघायचीच मूर्ती आहे ती. मागच्या बाजूला १०८ ब्राँझच्या वाट्या ओळीने ठेवल्यात, त्यात एकेक नाणं टाकत जायचं, त्याचा टण् टण् आवाज सबंध हॉलभर चालू असतो, आणि त्या बाजूने मूर्तीची पाठ आणि डोक्यावरचे केस दिसतात जे बहुतेक लोक घाईत बघतच नाहीत.

त्याच शहरात वाट त्राइमित. साडेपाच टन सोन्याची मूर्ती, तीन मीटरची. हिची गोष्ट एव्हाना सगळ्यांना माहीत असेल, कितीतरी वर्षं ती चुन्यागिलाव्याची साधी मूर्ती म्हणून पत्र्याच्या छपराखाली पडून होती, १९५५ मध्ये नव्या जागी हलवताना दोर तुटला, मूर्ती खाली आली, गिलाव्याला तडा गेला आणि आत सोनं दिसलं. बर्मी सैन्यापासून लपवायला कोणीतरी कधीतरी गिलावा चढवला असावा आणि मग ज्यांना माहीत होतं ती माणसंच राहिली नाहीत. त्या गिलाव्याचे तुकडे तिथे ठेवलेत. मी सोन्यापेक्षा ते तुकडेच जास्त वेळ बघत होते, कारण इतकी वर्षं मूर्ती त्यांनीच सांभाळली.

आणि उंचीवाल्यांसाठी खास, थायलंडमधली सगळ्यात पूजनीय मूर्ती ६६ सेंटिमीटरची आहे. राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केव मधला पाचूचा बुद्ध (पाचू नाही, हिरवा दगड आहे). खूप उंच सिंहासनावर, इतका वर की नाकडोळे नीट दिसत नाहीत, हिरवा ठिपका आणि अंगावर सोन्याचा पोशाख. हा पोशाख ऋतूप्रमाणे वर्षात तीनदा बदलतात आणि तो बदलतो स्वतः राजा. आत फोटो नाही, पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही, पाय मागे दुमडून बसायचं. सतत कोणीतरी रखवालदार एखाद्या परदेशी माणसाचे लांब पाय आत घ्यायला सांगत फिरत असतो. त्याच देशात वाट मुआंगला २००८ मध्ये पूर्ण झालेली ९२ मीटरची बसलेली मूर्ती आहे, शेतांच्या मध्ये. दोन्हीकडे गर्दी असते. पण एकीकडे लोक बोटाच्या टोकाला हात लावून फोटो काढतात आणि दुसरीकडे जमिनीवर बसून राहतात.

थायलंडमध्येच अयुथयाला वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलाय. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने शहर उद्ध्वस्त केलं, मूर्तींची डोकी उडवली, त्यातलं एक मुळांनी धरून ठेवलं. ते जमिनीलगत आहे, आणि फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं त्या डोक्यापेक्षा वर जाता कामा नये. बसल्यावर लक्षात येतं की हा नुसता नियम नाही, चेहरा दिसतोही नीट तो तिथूनच.

श्रीलंकेला आई बरोबर होती. पोलोन्नारुवाचं गल विहार म्हणजे एकाच लांबलचक खडकात कोरलेल्या चार मूर्ती, बाराव्या शतकातल्या, पराक्रमबाहू राजाच्या काळातल्या. दुपारचं ऊन, मूर्तींच्या जवळ जाताना चपला काढायला लागतात, आई म्हणाली, "अगं, इथे उघड्यावर पण काढायच्या?" मी म्हटलं, "काढ, आणि पिशवीतले मोजे घाल, दगड भाजतात." तर ती अनवाणीच गेली, भराभर.

१४ मीटरचा पहुडलेला बुद्ध आहे तिथे, आणि त्याच्या डोक्याशी ७ मीटरची उभी मूर्ती, हात छातीशी घडी घातलेले. ही उभी मूर्ती बुद्धाची की शोक करणाऱ्या आनंद नावाच्या त्याच्या शिष्याची यावर जाणकारांत अजून वाद आहे. मी पाटी वाचत होते तेवढ्यात आई म्हणाली, "उशी बघ गं, दबलीय." खडकातली उशी. डोक्याच्या भाराने जिथे दबायला हवी तिथे दबलेली, आणि खडकाचे नैसर्गिक पट्टे चेहऱ्यावरून, चिवराच्या चुण्यांवरून सरळ वाहत गेलेत. नंतर गाईडने पाय दाखवले. दोन्ही पावलं एकावर एक बरोबर जुळलेली असतील तर बुद्ध विश्रांती घेतोय, वरचं पाऊल किंचित मागे सरकलेलं असेल तर ते महापरिनिर्वाण. इथे मागे आहे. फार थोडं. ४६ मीटरच्या वाट फो पेक्षा ही १४ मीटरची मूर्ती मला कितीतरी मोठी वाटली, आणि तिचा आकार न कळण्याचं कारण हेच की उशीची दाब आणि पावलातलं अंतर यासारख्या बोटभर गोष्टींकडे नजर जात राहते.

आणि इथेही तेच, कामाकुरासारखं. खडकात आजूबाजूला तुळया बसवायच्या खाचा दिसतात, विटांच्या भिंतींचे अवशेष आहेत. प्रत्येक मूर्तीला आपलं आपलं घर होतं. आज आपण चारही मूर्ती एका रांगेत एका फोटोत घेतो, त्या काळच्या माणसाला त्या एका वेळी कधी दिसल्याच नसतील.

श्रीलंकेत एक नियम अगदी कडक आहे, मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. सेल्फी तर नाहीच. गल विहारला शिट्टी वाजते लगेच. तिथे याबाबतीत गंमत नाही, २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचा टॅटू होता म्हणून एका ब्रिटिश बाईला विमानतळावरून ताब्यात घेऊन परत पाठवलं होतं, पुढे तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई द्यायला लावली हा भाग वेगळा. थायलंडमध्येही मोठमोठे बोर्ड लावलेत की बुद्ध शोभेसाठी नाही, टॅटूसाठी नाही, आणि दुकानातून मूर्ती घेतली तर देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला खात्याची परवानगी लागते. गळ्यातल्या छोट्या ताईताची गोष्ट वेगळी, पण मूर्ती घ्यायचा विचार असेल तर आधी चौकशी करा.

कपड्यांचं सगळीकडे एकच, खांदे आणि गुडघे झाकलेले. पातळ ओढणी किंवा स्टोल पिशवीत कायम ठेवा, तो पाय झाकायलाही चालतो. बायकांनी भिक्षूंना हात लावायचा नाही, हातात वस्तू द्यायची नाही, गर्दीच्या बसमध्ये सुद्धा जरा अंतर. आणि ते पोट सुटलेलं हसणारं ध्यान, ज्याला दुकानात लाफिंग बुद्धा म्हणून विकतात, ते गौतम बुद्ध नाहीत. तो बुदाई, चीनमधला एक झोळीवाला भिक्षू, ज्याला पुढे मैत्रेयाचा, म्हणजे भविष्यात येणाऱ्या बुद्धाचा, अवतार मानायला लागले. चिनी मंदिरात शिरल्यावर पहिल्याच दालनात तो भेटतो बऱ्याचदा, आणि लोक "हा बुद्ध इथे जाडा कसा?" म्हणून पुढे जातात.

आता लेशान. चीनच्या सिचुआनमध्ये, चेंग्दूहून ट्रेनने तासाभरात. हा ७१ मीटर, बसलेला मैत्रेय, डोंगराचा कडा तासून काढलेला, ७१३ ते ८०३, म्हणजे नव्वद वर्षं. हाइथोंग नावाच्या भिक्षूने सुरू केला कारण खाली तीन नद्या मिळतात आणि तिथल्या पाण्याच्या ओढीत नावा बुडायच्या. बुद्ध बसला की पाणी शांत होईल ही श्रद्धा. आणि म्हणतात की तसं झालंही, कड्यातून निघालेला सगळा दगड नदीत टाकत गेले आणि त्याने प्रवाहच बदलला. हाइथोंग काम अर्ध्यात असतानाच गेला. पुढे पैसे संपले, काम थांबलं, परत सुरू झालं.

हा बघायचे दोन प्रकार आहेत, बोटीतून आणि पायऱ्यांवरून. बोटीतून पूर्ण दिसतो, काही मिनिटं बोट समोर थांबते, सगळे एका बाजूला येतात, फोटो काढतात, बोट वळते. पायऱ्यांवरून म्हणजे वर डोक्यापाशी पोचायचं आणि मग कड्याला चिकटलेल्या चिंचोळ्या नागमोडी जिन्याने कानाच्या, खांद्याच्या, हाताच्या बाजूने खाली पायापर्यंत. सुट्टीच्या दिवशी या जिन्याला काही तासांची रांग लागते, हे डोक्यात ठेवून सकाळी पहिल्यांदा जायचं. नवरा म्हणाला बोटीने जाऊ, पाय दुखतात. मी म्हटलं तू बोटीने जा.

तो जिनाच उतरला शेवटी. आणि मग काय, एकेक वळणावर थांबून बघत उतरलो. कान ७ मीटरचा आहे. डोक्यावर हजाराहून जास्त कुरळ्या केसांच्या गाठी, आणि त्या गाठींच्या रांगांमध्ये, कानांच्या मागे, चिवराच्या चुण्यांमध्ये पाणी वाहून जायचे चर लपवलेत, कारण हा लाल वाळूचा दगड, पाऊस मुरला की झिजणार. बाराशे वर्षांपूर्वीची ती ड्रेनेज सिस्टीम अजून काम करते. हे बोटीतून दिसणं शक्यच नाही. जिन्यावरून हात लावण्याइतक्या जवळ तो दगड असतो, शेवाळ असतं, पाणी पाझरत असतं, आणि खाली पोचलं की पायाच्या एका नखावर माणूस आरामात बसेल. तिथून वर पाहिलं तर गुडघे, हनुवटी आणि आकाश. तिथे मात्र ७१ हा आकडा समजला मला, कारण तो उतरून आलो होतो. आणि यालाही एके काळी लाकडी मजल्यांची इमारत होती समोरून, कड्यात तिच्या खाचा आहेत. म्हणजे तेव्हाचा माणूसही मजल्यामजल्याने, गुडघा, हात, चेहरा असाच बघत असणार.

हाँगकाँगचा लांताऊ बेटावरचा बुद्ध १९९३ चा, ३४ मीटर, २६८ पायऱ्या. केबल कारने साडेपाच किलोमीटरच्या वर जायचं आणि डोंगर ओलांडला की तो एकदम समोर येतो म्हणतात. आमच्या वेळी धुकं. पायऱ्या चढून पायाशी पोचलो तरी वरचा अर्धा भाग नव्हताच, मध्येच धुकं सरकलं तर उजवा हात तेवढा दिसला, अभय मुद्रेतला, आणि परत गेला. बाजूची एक मुलगी रडकुंडीला आली होती की फोटो नाही मिळाला. मला ती मूर्ती तशीच आवडली, स्वच्छ उन्हात कदाचित उशिकुसारखं झालं असतं माझं.

हातांकडे बघायची सवय लावून घ्या, खरंच. चेहरा सगळीकडे शांतच असतो, काय चाललंय ते हात सांगतात. उजवा तळवा समोर वर केलेला म्हणजे अभय. उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकलेली म्हणजे भूमिस्पर्श, ज्ञानप्राप्तीच्या वेळी पृथ्वीला साक्षीला बोलावलं तो क्षण, थायलंडमध्ये अशा मूर्ती खूप दिसतात. दोन्ही हात मांडीवर म्हणजे ध्यान, छातीशी चक्र फिरवल्यासारखे म्हणजे पहिलं प्रवचन. एवढं माहीत असलं तरी एका मंदिरातल्या पन्नास मूर्ती एकसारख्या वाटत नाहीत.

अजिंठ्याचं २६ नंबरचं लेणं याच ओळीत ठेवीन मी. ७ मीटरचं महापरिनिर्वाण, डाव्या हाताच्या भिंतीवर, आणि भिंत आणि खांब यांच्यात जागा एवढीशी की सरळ समोर उभं राहून ते पूर्ण दिसूच शकत नाही. डोक्याकडून पायाकडे चालावं लागतं, खाली शोक करणारे शिष्य एकेक करत येतात, वर स्वागताला जमलेले देव. बहुतेक गट पहिल्या दोन लेण्यांतली चित्रं बघून इतके दमलेले असतात की २६ पर्यंत येईस्तोवर गाईडही घाईत असतो, त्यामुळे मी तर म्हणते उलटं करा, आधी २६ ला जा आणि मग मागे या. गर्दीही कमी मिळते.

बोरोबुदूर आमचं अजून राहिलंय, पुढचा बेत तोच आहे. जावामधलं नवव्या शतकातलं, ५०४ बुद्ध, वरच्या गोल थरांवर ७२ जाळीदार स्तूप आणि त्या प्रत्येकाच्या आत एक बसलेली मूर्ती जी भोकांतूनच बघायची. ड्रोनच्या फोटोत ते मंडलासारखं सुंदर दिसतं, पण खालच्या थरांच्या गल्ल्यांमधून चालणाऱ्याला दोन्ही बाजूंना कोरीव भिंतीच दिसतात, वरचं काही नाही, शेवटच्या थरांवर आल्यावर एकदम मोकळं होतं. आता वर चढणाऱ्यांची संख्या त्यांनी मर्यादित केलीय, वेळ ठरवून, गाईडबरोबर, आणि दगड झिजू नयेत म्हणून खास चपला देतात. तिकिटं दोन प्रकारची आहेत, एक नुसतं आवाराचं आणि एक वर चढायचं, त्यातलं वर चढायचं लवकर संपतं, म्हणून विमानाच्या आधी ते बघायचं असं ठरवलंय.